आमची वाटचाल : पेप्टाइडांपासून वाहक प्रथिनांपर्यंत

रबाळे औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा दोन खोल्या, पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) जोडणारा एक सिंथेसायझर आणि ती शुद्ध करणारे एक जुने एचपीएलसी यंत्र एवढेच भांडवल होते. संशोधक मागतील ती पेप्टाइडे शुद्ध करून द्यायची, हा व्यवसाय. मात्र ग्राहकांची एक तक्रार वारंवार कानी येई : परीक्षानळीत लक्ष्याला घट्ट चिकटणारे पेप्टाइड पेशींवर टाकले की निष्प्रभ ठरते. पेशीचे स्निग्ध पटल बहुतेक पेप्टाइडांना ओलांडता येत नाही, ही खरी अडचण होती.

एचआयव्हीचे टॅट प्रथिन पेशीत आपणहून शिरते, हे १९८८ मध्ये दिसून आले होते आणि त्यातला आर्जिनीन व लायसीन यांनी भरलेला ११ अमिनो आम्लांचा तुकडा त्यासाठी पुरतो. तो जोडलेली पेप्टाइडे आम्ही विकू लागलो आणि तेथेच मोठी चूक केली. चकाकणारा रंग लावलेले पेप्टाइड थेट केंद्रकात पोहोचल्याची छायाचित्रे आम्ही एका संशोधक बाईंना पाठवली. त्यांनी फोनवर एवढेच विचारले, “पेशी फॉर्माल्डिहाइडने स्थिर केल्या होत्या का हो?” केल्या होत्या. पटलाला बाहेरून चिकटलेले पेप्टाइड स्थिरीकरणाच्या वेळी आत पसरते आणि खोटे चित्र दाखवते, हे २००३ मध्येच प्रसिद्ध झाले होते; आम्ही ते वाचलेले नव्हते. आम्ही अहवाल मागे घेतला, पैसे परत केले आणि जिवंत पेशी, बाहेर चिकटलेले पेप्टाइड तोडणाऱ्या ट्रिप्सिन या विकराने धुऊन पुन्हा पाहिले, तेव्हा बहुतेक चकाकी एंडोसोमच्या (पेशी बाहेरचे पदार्थ गिळते तेव्हा बनणाऱ्या पिशव्यांच्या) ठिपक्यांत अडकलेली दिसली.

त्यानंतर आम्ही इलास्टिनसारख्या (त्वचेला लवचीकपणा देणाऱ्या प्रथिनासारख्या) वाहक, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या, प्रथिनाकडे वळलो. एका टोकाला पेशीत शिरणारा तुकडा, मध्ये वाहक आणि दुसऱ्या टोकाला औषधी पेप्टाइड, अशी ही सलग साखळी ई. कोलाय जिवाणूंकडून तयार करून घेता येते. तूप तापवले की वितळते. हे प्रथिन उलट थंडीत विरघळते आणि ठरावीक तापमानाच्या वर गोळा होते. त्यामुळे मीठ घालून कोमट करणे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे आणि बर्फात पुन्हा विरघळवणे, एवढ्या फेऱ्यांत महागड्या शुद्धीकरण-स्तंभाशिवाय ते शुद्ध होते, आणि आमच्यासारख्या छोट्या उद्योगाला हे मोलाचे आहे. मे महिन्यात वीज गेली की मीठ घातलेल्या नळ्या आपोआप गढूळ होत, म्हणून यंत्रांआधी आम्ही इन्व्हर्टर घेतला. हे गोळा होण्याचे तापमान, म्हणजे संक्रमण तापमान, ४० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवले, तर किंचित तापवलेल्या कर्करोगाच्या गाठीतच प्रथिन साचावे, अशी या संशोधनामागची आशा आहे.

आता आमच्या अहवालात दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात : पेशीत किती शिरले आणि एंडोसोममधून किती सुटले. दुसऱ्यासाठी आम्ही दुभंगलेले जीएफपी (हिरवे चकाकणारे प्रथिन) वापरतो : त्याचा एक तुकडा वाहकावर आणि उरलेला पेशीद्रवात असतो, त्यामुळे वाहकावरचा तुकडा पेशीद्रवात पोहोचला तरच ते चकाकते. आमच्या चाचण्यांत हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा फारच लहान येतो, आणि तो ग्राहकाला विकत घेण्याआधी दाखवायचा, असा आमचा नियम आहे.