आमची वाटचाल : कोबोल कंपायलरच्या चौथ्या आवृत्तीपासून सहाव्या आवृत्तीपर्यंत

जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच अंक ठेवल्यामुळे उद्भवलेला साल २००० चा प्रश्न निस्तरल्यानंतर मेनफ्रेम या मोठ्या व्यावसायिक संगणकांवरील कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचे काम आता संपत आले, असे सर्रास बोलले जात होते, आणि नेमक्या त्याच सुमारास आम्ही दोन सहकाऱ्यांनी नोकरी सोडून ही लहानशी संस्था सुरू केली. पहिली काही वर्षे आम्ही केवळ देखभालीची कामे घेतली. त्यांत विमा हप्त्यांची आकारणी, कर्जखात्यांवरील व्याज आणि महिनाअखेरचे अहवाल असत. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या सूचनांत उतरवणारे साधन, ही आमच्या दृष्टीने जेसीएलमधील, म्हणजे मेनफ्रेमला कामांचा क्रम सांगणाऱ्या आज्ञांमधील, एक पायरी होती. ती शून्य रिटर्न कोड देऊन, म्हणजे चुकीविना, पार पडली की पुढे लोड मॉड्यूल, म्हणजे चालवण्याजोगा तयार प्रोग्राम, चाचणीला जात असे, आणि आमचा त्या कंपायलरशी संबंध तिथेच संपत असे.

आयबीएमचा एंटरप्राइझ कोबोल हा कंपायलर २००१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीने सुरू झाला आणि २००७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. त्या काळात आमच्या रोजच्या कामाला जाणवलेली सोय म्हणजे व्यवहार हाताळणारी सीआयसीएस प्रणाली आणि डीबी२ हा डेटाबेस यांची विधाने वेगळ्या पूर्वप्रक्रियेत न पाठवता कंपायलरलाच थेट हाताळता येऊ लागली. त्यामुळे जेसीएल आटोपशीर झाले आणि चूक कळवणारा संदेश मूळ सोर्समधील, म्हणजे आम्ही लिहिलेल्या प्रोग्राममधील, ओळीवर बोट ठेवू लागला. मात्र तयार होणारा यंत्रसंकेत, म्हणजे प्रोसेसरसाठीच्या सूचना, जुन्याच वळणाचा राहिला. प्रोसेसरच्या प्रत्येक पिढीत नव्या सूचनांची भर पडत होती, तरी चौथ्या आवृत्तीपर्यंतचा कंपायलर त्यांचा फारसा उपयोग करत नसे.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने हे चित्र पालटले. कंपायलरचा संकेत निर्माण करणारा भाग पूर्णपणे नवा आला आणि त्यासाठी आयबीएमच्या जावा कंपायलरमधील तंत्र वापरण्यात आले. ‘आर्च’ या पर्यायाने कोणत्या पिढीच्या यंत्रासाठी संकेत हवा हे सांगता येऊ लागले आणि संकेत किती वेगवान करायचा हे ठरवणाऱ्या ‘ऑप्ट’ला शून्य, एक व दोन अशा पातळ्या मिळाल्या. मेनफ्रेमच्या सॉफ्टवेअरचे शुल्क अनेक ठिकाणी यंत्राच्या वापराच्या चार तासांच्या सरत्या सरासरीच्या महिन्यातील उच्चांकावर ठरते. त्यामुळे रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या कामांचा, म्हणजे बॅचचा, सीपीयू वेळ घटणे ही ग्राहकाच्या दृष्टीने ताळेबंदात दिसणारी गोष्ट असते, आणि केवळ पुन्हा कंपाइल करून ती साधेल या अपेक्षेने आमच्याकडे जुन्या कंपायलरवरून नव्यावर स्थलांतराचे पहिले काम आले.

त्या कामाने आम्हाला घडवले, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. सुरुवातीच्या अडचणी यांत्रिक होत्या. कंपायलरला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त मेमरी आणि वेळ लागत होता, आणि त्याचे फलित पीडीएस या जुन्या साठवण प्रकारच्या लायब्ररीत राहू शकत नसल्यामुळे सर्व लोड लायब्ऱ्या पीडीएसई या नव्या स्वरूपात न्याव्या लागल्या. ते आम्ही पार पाडले. त्यानंतर जुने व नवे प्रोग्राम एकाच माहितीवर चालवून पाहणाऱ्या समांतर चाचणीत मात्र एका अहवालाची बेरीज जुळेना. अबेंड, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडणे, नव्हता, इशारा नव्हता, आणि सोर्समधील एक अक्षरही बदललेले नव्हते.

आठवडाभर मेमरीची प्रत, म्हणजे डंप, आणि यंत्रसूचनांची यादी, म्हणजे असेंब्ली लिस्टिंग, समोर ठेवून बसल्यावर कारण सापडले. बाहेरून येणाऱ्या फाइलमधील एका अंकीय फील्डमध्ये काही नोंदींत आकड्यांऐवजी रिकाम्या जागा होत्या. एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात रिकामी जागा म्हणजे हेक्स ४० आणि शून्य म्हणजे हेक्स एफ०. जुना कंपायलर तुलनेपूर्वी ते फील्ड पॅक करत असे, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवत असे. त्या क्रियेत बाइटचा झोन हा पहिला अर्धा भाग विचारात घेतला जात नसे, उरलेला अंक शून्य असे आणि ‘फील्ड शून्य आहे का’ या अटीला होकार मिळे. नवा कंपायलर वेग साधण्यासाठी तीच तुलना थेट बाइटशी बाइट करत होता आणि त्याला नकार मिळत होता. भाषेच्या नियमांनुसार त्या फील्डमध्ये वैध अंकच असायला हवेत, तेव्हा कंपायलरचा दोष नव्हता. वर्षानुवर्षे चुकीची माहिती बरोबर उत्तर देत आली होती, आणि ती आपली जबाबदारी आहे हे ग्राहकाला पटवून देणे हे त्या कामातील सर्वांत अवघड काम ठरले.

तेव्हापासून कंपायलर बदलण्यापूर्वी माहिती तपासायची हा आमचा क्रम ठरला. पुढे आयबीएमनेही या दिशेने चांगली साधने दिली. ‘झोनडेटा’ हा पर्याय जुन्या वर्तनाच्या जवळ राहण्याची मुभा देतो, ‘नमचेक’ प्रोग्राम चालू असताना अवैध अंक पकडतो आणि ‘पार्मचेक’ हाक देणाऱ्या व हाक घेणाऱ्या प्रोग्राममधील पॅरामीटरच्या लांबीची विसंगती दाखवतो. टेबलच्या मर्यादा तपासणारा ‘एसएसरेंज’ जुनाच आहे, परंतु दहा जागांच्या टेबलमध्ये अकरावी नोंद लिहिणारे प्रोग्राम आम्हाला आजही त्यामुळेच सापडतात. ‘झोनडेटा’ कायमचे लावून ठेवण्याच्या मात्र मी विरोधात आहे. त्याने वेगाचा काही लाभ हातचा जातो आणि चुकीची माहिती पुढच्या पिढीच्या माथी मारली जाते.

एक चूक आमचीही नोंदवली पाहिजे. एका ठिकाणी आम्ही ‘आर्च’ची पातळी मुख्य यंत्राप्रमाणे ठेवली. आपत्कालीन केंद्रातील यंत्र एका पिढीने जुने होते, हे आम्ही विचारलेच नव्हते. सरावाच्या दिवशी तिथे एस०सी१ अबेंड येऊ लागले, कारण त्या यंत्राला त्या सूचना ठाऊकच नव्हत्या. आता सर्व यंत्रांची यादी हाती आल्याशिवाय आम्ही ही पातळी ठरवत नाही.

२०१६ च्या सहाव्या आवृत्तीने मोठे प्रोग्राम कंपाइल करण्याची अडचण बरीच हलकी केली. २०१७ मध्ये आयबीएमचे झेड१४ हे मेनफ्रेम यंत्र आणि कंपायलरची ६.२ आवृत्ती आल्यावर व्यावसायिक कामाला खरा लाभ मिळाला, असे माझे मत आहे. पॅक केलेल्या अंकांचे दशमान गणित पूर्वी मेमरीतून मेमरीत चाले. ते आता प्रोसेसरच्या आतील व्हेक्टर रजिस्टर या जलद जागांमध्ये होऊ लागले, आणि व्याजाची आकारणी म्हणजे दुसरे काय, हेच गणित लक्षावधी वेळा. फाइल वाचण्यात किंवा डीबी२ची वाट पाहण्यात वेळ घालवणाऱ्या प्रोग्रामला याचा उपयोग तुटपुंजा होतो आणि तसे आम्ही काम घेतानाच लेखी सांगतो. त्यामुळे काही कामे आमच्या हातून गेली.

४.२ आवृत्तीचे साहाय्य २०२२ मध्ये संपल्यावर चौकशी एकदम वाढली, तरी आम्ही माणसे फार वाढवली नाहीत. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिला महिना केवळ लिस्टिंग वाचायला देतो. ‘कम्प्यूट’ या गणित करणाऱ्या एकाच विधानाचे चौथ्या आणि सहाव्या आवृत्तीतील यंत्रसंकेत शेजारी ठेवून प्रत्येक सूचना कशासाठी आली हे त्याने आम्हाला समजावून सांगायचे असते. सध्या आमच्या टेबलावर एका विमा ग्राहकाचे प्रोग्राम आहेत. त्यांतील काहींचे सोर्स हरवलेले असल्यामुळे त्यांच्यासाठी मूळ लोड मॉड्यूलवरच काम करणारा आयबीएमचा ऑटोमॅटिक बायनरी ऑप्टिमायझर आम्ही चाचणीला लावला आहे. उरलेल्यांची ‘नमचेक’ची पहिली फेरी पूर्ण झाली आहे आणि तिच्यात सापडलेल्या अवैध नोंदी कोणत्या फाइलमधून येतात याचा शोध चालू आहे.