प्रेस्पाच्या तीन काठांवर

बिटोलाहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात मेजितलियाचा नाका लागतो. अलीकडे उत्तर मॅसेडोनिया, पलीकडे ग्रीस, म्हणजेच युरोपीय संघ. घड्याळ एक तास पुढे करायचं आणि उरलेले देनार (युरोला साधारण 61) अलीकडेच संपवायचे. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल आणि ग्रीसमधून बाहेर पडलात, तर परत आत येता येत नाही. भाड्याच्या गाडीसाठी विम्याचं ग्रीन कार्ड आणि गाडी सीमेपार नेण्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी. इथून फ्लोरिना, मग पिसोदेरीचा घाट, आणि घाट उतरताच प्रेस्पा.

हे तळं ग्रीस, उत्तर मॅसेडोनिया आणि अल्बानिया अशा तीन देशांत वाटलेलं आहे, तेही 850 मीटरच्या आसपास उंचीवर. ग्रीक काठावरच्या प्साराधेस गावातून समोरचा मॅसेडोनियन किनारा दिसतो. पण रस्त्याने जायचं तर फ्लोरिना-बिटोलाचा मोठा वळसा. काठालगतचा मार्कोवा नोगाचा जुना नाका मी गेलो तेव्हा बंदच होता.

याच प्साराधेसमध्ये 17 जून 2018 रोजी निकोस कोत्झियास आणि निकोला दिमित्रोव या परराष्ट्रमंत्र्यांनी प्रेस्पा करारावर सह्या केल्या. पंतप्रधान त्सिप्रास आणि झाएव शेजारी उभे होते. ‘मॅसेडोनिया’ हे नाव ग्रीसला मान्य नव्हतं. त्यामुळे 2005 मध्ये उमेदवार देश ठरूनही या शेजाऱ्याची युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी सुरू होत नव्हती. करार तपशिलात बारकाईने बांधलेला आहे: देशाचं नाव ‘उत्तर मॅसेडोनिया’, पण भाषा मॅसेडोनियनच, सांकेतिक अक्षरं एमके आणि एमकेडी तशीच राहणार, फक्त गाडीच्या पाटीवर एनएमके. नाक्यावर थांबलेल्या गाड्यांच्या पाट्यांवर हे कलम वाचता येतं.

कराराची किंमत दोन्हीकडे मोजावी लागली. मॅसेडोनियात सप्टेंबर 2018 च्या सार्वमताला जेमतेम 37 टक्के मतदार आले. घटनादुरुस्तीला 120 पैकी 80 मतं हवी होती, जानेवारी 2019 मध्ये 81 मिळाली. दोन आठवड्यांनी अथेन्समध्ये 300 पैकी 153 मतांनी करार मंजूर झाला.

आणि मग घोडं पुन्हा अडलं. ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रान्सने वाट रोखली, नोव्हेंबर 2020 मध्ये इतिहास आणि भाषेच्या वादावरून बल्गेरियाने. विस्ताराच्या प्रत्येक पायरीवर, म्हणजे बोलणी सुरू करताना, विषयांचा गट उघडताना आणि त्यातलं एकेक प्रकरण, म्हणजे विषय, बंद करताना, सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. एका शेजाऱ्याशी मिटवलेलं भांडण दुसऱ्याचा नकार टाळू शकत नाही. माझ्या मते या प्रक्रियेतला सगळ्यात मोठा दोष हाच, कारण तडजोड करणाऱ्या राजकारण्याच्या पदरी काहीच पडत नाही. जुलै 2022 मध्ये बोलण्यांचा औपचारिक आरंभ झाला खरा, पण पुढच्या टप्प्यासाठी राज्यघटनेत बल्गेरियन समुदायाचा उल्लेख करण्याची अट आली. पुन्हा 80 मतं हवीत, आणि या वेळी ती जमली नाहीत.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. करारानुसार देशांतर्गत कागदपत्रांवरचं नाव त्या त्या क्षेत्राचं प्रकरण संघाशी उघडल्यावर बदलायला घ्यायचं, आणि तिथून पाच वर्षांत काम पुरं करायचं. प्रकरणच उघडत नाही, म्हणून ही मुदतही सुरू होत नाही. म्हणजे बल्गेरियाच्या नकाराने ग्रीसला दिलेलं वचनही अडकून पडतं.

अल्बानियाचा अर्ज बरीच वर्षं उत्तर मॅसेडोनियाच्या जोडीने पुढे सरकत होता. 2024 मध्ये दोघांना वेगळं केलं गेलं. 15 ऑक्टोबर 2024 ला अल्बानियाचा पहिला विषयगट उघडला, नोव्हेंबर 2025 पर्यंत सहाही उघडले. प्रेस्पाच्या अल्बानियन काठावर पुस्तेत्स आहे, आणि तिथली वस्ती मुख्यतः मॅसेडोनियन भाषकांची. त्यांचा देश आता पुढे निघाला आहे. त्यांच्याच भाषेचा देश, तळ्याच्या पलीकडे, 80 मतांसाठी थांबला आहे.