मान ठीक आहे, सीट बघा

रेसिंग टीमकडून त्यांच्या ड्रायव्हरबद्दल आलेल्या मेसेजमध्ये निदान तयारच होतं. ‘अप्पर बॉडी स्ट्रेंथ कमी पडते आहे. मान आणि हात वाढवून द्या.’ शिंप्याकडे बाही वाढवायला टाकावी तसं.

माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक राजारामपुरीत आहे. कोल्हापूर म्हटल्यावर निम्मे पेशंट पैलवान, उरलेल्यांत शिरोलीच्या फाउंड्रीतले पाठदुखीवाले जास्त. रेसिंगची ड्रायव्हर पहिल्यांदाच आली. अठरा वर्षांची पोरगी, सोबत वडील. त्यांचं उद्यमनगरात लेथचं शेड आहे. पोरगी इथल्याच मोहितेंच्या ट्रॅकवर कार्ट चालवून तयार झालेली. रोटॅक्स या कार्टिंगच्या स्पर्धेत लहान गटापासून सीनिअरपर्यंत गेली आणि आता दक्षिणेतल्या एका टीमकडून फॉर्म्युला कार, म्हणजे एकाच सीटची, उघड्या चाकांची रेसची गाडी चालवते. पहिला सीझन शिकण्यात गेला, दुसऱ्यात पोडियम, म्हणजे पहिल्या तिनातले नंबर मिळाले. पुढचं लक्ष्य वडिलांनीच सांगितलं, एफ वन अकॅडमी. फक्त मुलींची ही मालिका २०२३ साली सुरू झाली, गाड्या एफ फोर दर्जाच्या, म्हणजे फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या शिडीच्या खालच्या पायरीवरच्या. इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ थ्रीमध्ये धावल्यापासून कोल्हापुरात ही नावं ऐकून माहीत आहेत. तरी नातेवाईक अजून ‘लायसन आलं का गं?’ असं विचारतात म्हणे.

तिची तक्रार अशी. रेसच्या शेवटच्या चार-पाच लॅप्सना दोन्ही हातांचे पुढचे भाग दगडासारखे होतात. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. “मी स्टेअरिंग धरलंय का न्हाई तेच कळत न्हाई मॅडम. मग मी लवकर ब्रेक मारतो.” लवकर ब्रेक म्हणजे दोन-तीन दशांश सेकंद गेले, आणि टीमच्या लॅपटॉपवरच्या आलेखात ती ‘दमलेली’ दिसते.

बाहेरच्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. एफ वनच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग असतं, पण तिथवर नेणाऱ्या एफ थ्री आणि एफ टूला नसतं. हिच्या गाडीलाही नाही, शिवाय ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. म्हणजे शिडीच्या वरच्या पायरीवर मदत आणि खालच्या पायऱ्यांवर नुसतं मनगट. मुली मागे का पडतात यावर चर्चासत्रं भरवणाऱ्यांनी आधी हे बघावं असं माझं मत आहे.

मी नेहमीच्या क्रमानं तपासलं. पकडीची ताकद उजव्या हाताची ३६ किलो, डाव्याची ३४. तिच्या वयाच्या मुली तिशीच्या आसपास असतात. मग मान. डोकं साडेचार-पाच किलोचं, वर दीड किलोचं हेल्मेट. वळणावर दोन जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट जोर लागला की बारा किलोंच्या वर वजन एका बाजूला ओढतं, आणि तेही पुन्हा पुन्हा, अर्धा तास. हान्स असतो ना, असं लोक म्हणतात. खांद्यावर बसणारी ती चौकट धडकेत डोकं पुढे फेकलं जाऊ देत नाही. वळणावरचा बाजूचा भार मानेलाच पेलावा लागतो.

तिला हेल्मेट घालून बाकावर कुशीवर झोपवलं, डोकं बाकाबाहेर. हेल्मेटला पट्टा बांधून त्यावर वजन लावलं आणि डोकं सरळ रेषेत धरायला सांगितलं. माझ्याकडच्या दोन राष्ट्रीय पातळीवरच्या मुली पैलवान जिथे थरथरायला लागतात, तिथे ही पोरगी माझ्याशी गप्पा मारत होती. बाहेर थांबलेले एक वस्ताद डोकावून म्हणाले, “ब्रिज मारायला लावा की.” ब्रिज म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान करायची. वस्तादांचा मान राखून सांगते, ड्रायव्हरला ब्रिजचा उपयोग फार थोडा. पैलवानाची मान एका झटक्याला उत्तर देते. हिला एकाच कोनात न हलता टिकायचं असतं. त्यासाठीचा दोरी-पुलीचा सेटअप मी स्वतः बसवलाय आणि त्याचा मला गर्व आहे.

पण मान ठीक होती. हातही ठीक होते. मग बोटं बधिर का?

करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूनं, अगदी कातडीखालून जाते. डाव्या कोपरावर बोट दाबलं तर ती कळवळली. “गाडीत बसल्यावर हे कोपर कुठं टेकतं?” असं विचारल्यावर तिनं सहज सांगितलं, “उजव्या वळणाला कॉकपिटच्या कडंला. मी पूर्ण डावीकडं सरकतो न्हवं.”

सरकतो? फॉर्म्युला कारमध्ये कुणी सरकत नाही. ड्रायव्हर गाडीत बसतो, त्याच्या पाठीमागे आणि बाजूंनी पिशवीत दोन रसायनं मिसळून ओततात, काही मिनिटांत फोम फुगून घट्ट होतो आणि सीट त्याच्या अंगाच्या मापाची बनते. हिची सीट आधीच्या ड्रायव्हरची होती. तो सहा फुटांचा मुलगा. हिच्यासाठी पाठीमागे फोमचा तुकडा लावून दिलेला, बाजू तशाच. नवी सीट ‘पुढच्या सीझनला बघू.’

आता सगळं जुळलं. कंबर धरून ठेवायला सीट नाही, म्हणून ती स्वतःला स्टेअरिंगनं धरून ठेवते. जे हात गाडी वळवायला हवेत ते अंग सावरण्यात खर्ची पडतात. पाठ मागे गेल्यानं कोपरं जवळपास सरळ, म्हणजे खांद्याची ताकद चाकापर्यंत पोचतच नाही.

पण टीमला हे तोंडी सांगून कोण ऐकणार? वडील म्हणाले, “मॅडम, आकडा दावू या की त्यास्नी.” उद्यमनगरचा माणूस.

रविवारी त्यांच्या शेडमध्ये गेले. चौकोनी पाइप वेल्ड करून त्यांनी रात्रीतून सांगाडा उभा केला होता. सीटची, पेडलची, स्टेअरिंगची उंची पोरीनं गाडीतून टेपनं मोजून आणलेली. उसनी सीट घोंगड्यात गुंडाळून आणली होती. जुन्या कार्टचं स्टेअरिंग, त्याच्या कडेला दोरी, दोरीला ताणकाटा. सांगाडा एका बाजूला कलवला, म्हणजे अंग वळणावर जसं ढकललं जातं तसं थोडंफार ढकललं जावं. लेथ बंद केले, तरी कूलंटचा वास नाकात होता. पोरगी बसली, पट्टे आवळले, आणि तिनं चाक फिरवून धरलं.

१३ किलो. पुन्हा १३. मग कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे मी फोमच्या पाचरी ठोकल्या. कोपरं वाकायला लागली, बसणं घट्ट झालं. पुन्हा फिरवलं.

१९.

तीच पोरगी, तेच हात, मध्ये दहा मिनिटंही गेली नव्हती. वडिलांनी काटा बदलून पाहिला. १९च. पोरगी काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “आजून एकदा मारतो.”

मी दोन पानी रिपोर्ट लिहिला, फोटो जोडले. टीमचं उत्तर सभ्य होतं. आम्ही नोंद घेतली आहे, तरी स्ट्रेंथ प्रोग्रॅम चालू ठेवावा.

या प्रकरणात मी लेला लोम्बार्डीबद्दल वाचलं. एफ वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी आजवरची एकमेव बाई, १९७५च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये, तोही अर्धाच, कारण रेस अर्ध्यात थांबवली. गाडी नीट वळत नाही असं ती सांगत राहिली. पुढे तीच गाडी एका नावाजलेल्या ड्रायव्हरकडे गेली, त्यानंही तेच सांगितलं, आणि मागच्या कास्टिंगला तडा सापडला. शिरोलीच्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, कास्टिंगबद्दल तक्रार आली की तो आधी तुकडा मागवून घेतो, तक्रार करणाऱ्याच्या दंडाचा घेर मोजत बसत नाही.

पाचरी लावून ती पुढची रेस धावली. बधिरपणा आला, पण शेवटच्या लॅपला. नंबर चौथा. आता टीम म्हणते प्रोग्रॅमचा फायदा झाला. झालाही असेल थोडा. मान मी वाढवतेच आहे, हातही. सीट आणि व्यायाम दोन्ही एकदम बदलल्यावर कशानं किती झालं हे मी छातीठोक सांगू शकत नाही आणि हेच मला खुपतं, कारण पुढच्या वर्षी टेस्टला बोलावणारी नवी टीम जुन्या टीमला फोन करून विचारेल, पोरगी कशी आहे. तिकडून काय उत्तर जाईल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

वडिलांनी मात्र फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून फोमची दोन रसायनं मिळवलीत. काल फोन होता, “माकडहाडाखाली किती जाडी ठेवू मॅडम?” मी सांगितलं, जाडीचं नंतर बघू, आधी वरून आग न धरणारं कापड मिळवा, नाहीतर तपासणीतच सीट बाहेर काढतील. ते कुठं मिळतं हे कुणाला माहीत असेल तर कळवा. ओतायचं रविवारी ठरलंय.