जुन्या स्प्लेंडरचा भाव काढताना

जुनी गाडी विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मी ऑन-रोड 86 हजार मोजलेत." त्यातला रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च कुणी परत देत नाही. भाव काढायचा तो तीच गाडी आज नवी कितीला मिळते, तिथून.

कराडात माझं टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे गाडी बघायला लोक मला सोबत नेतात. 2025 च्या दिवाळीनंतर भाच्यासाठी उंब्रजकडच्या एका दूधवाल्याची स्प्लेंडर प्लस बघितली. मार्च 2022 ची, मागणी 58 हजार. पण 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. 80 हजारांच्या आसपासची नवी स्प्लेंडर 74 वर आली. नवी सहा हजारांनी उतरल्यावर जुनीनेही उतरायलाच हवं. मालकाला हे पटायला दोन चहा लागले.

पुढचा आधार इन्शुरन्सवाल्यांचा घसाऱ्याचा तक्ता, म्हणजे वयाप्रमाणे गाडीची किंमत किती टक्के घटते ते. एक ते दोन वर्षं 20 टक्के, तीन वर्षांपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. ही गाडी साडेतीन वर्षांची, म्हणजे नवीच्या 74 हजारांतून 40 टक्के वजा, 44,400. पण तक्त्याला स्प्लेंडर आणि न खपणारी गाडी सारखीच. आमच्या भागात स्प्लेंडर आठवड्यात जाते, म्हणून मी त्यावर पाच-साडेपाच हजार चढवतो. 50 हजार धरले. विकणाऱ्याचंही नुकसान व्हायला नको, असं मला मनापासून वाटतं.

मग गाडी. फोनवरच सांगितलं होतं, सकाळपासून चालू करू नका. इंजिन गार होतं, दुसऱ्या किकला उचललं, धूर नाही. मीटर 41 हजार. मी मागच्या टायरच्या कडेवरचे चार आकडे बघितले: 0824, म्हणजे 2024 चा आठवा आठवडा. कंपनीचा टायर तीसेक हजारांवर झिजला आणि दुसरा पडला, हे मीटरशी जुळतं. मीटर फिरवलेलं नाही याची मला तिथे खात्री पटली, आणि माणसाचीही.

मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राच्या, पार मागच्या टोकाला चेन बोटाने ओढून बघायची. ती दातावरून अर्धी उचलली गेली तर सेट संपला. इथे उचलली, दातही आकड्यासारखे वाकलेले. दोन्ही बाजूंना रोज दुधाचे कॅन, त्यामुळे मागचे शॉकअप बसलेले. भाचा मागे बसला तर खाली टेकतच होते. क्लच शेवटाला पकडत होता. माझ्या दुकानाच्या दराने हिशोब तिथेच पाकिटामागे लिहिला: चेन सेट 1,400, शॉकअप 2,000, क्लच प्लेट 900, सर्व्हिसिंग 700. पाच हजार वजा.

एक गोष्ट मालकाच्या बाजूची होती, ती त्याला माहीतच नव्हती. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे. याचा मार्च 2027 पर्यंत चालू. या गाडीला वर्षाला 714 रुपये पडतात, म्हणून मी हजार रुपये वाढवले. झाले 46 हजार.

पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं. "दादा, चेन सेट मी टाकून देतो. मग?"

"मग 1,400 परत मिळवा की. 47,400 होतात, 47,500 करू."

कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 त्याने द्यायचा, गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून भरायचे. बोजा उतरेपर्यंत पाच हजार भाच्याकडे राहतील असं ठरलं. मंगळवारी तो दुकानात आला आणि चेन सेट घेऊन गेला.