प्लास्टर कापायचं मशीन

मिरजेत बावीस वर्षं सुतारकाम करतोय आणि हत्यारांच्या बाबतीत मी पक्का चिक्कू आहे. मल्टीटूल, म्हणजे थरथरत्या पात्याने कापणारं विजेचं मशीन, घ्यायचं ठरलं तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांच्या किमती ऐकून गप्प बसलो आणि २,६०० रुपयांचं, नावही धड न वाचता येणारं मशीन उचललं. दुकानदाराने चालू मशीनचं पातं स्वतःच्या तळहाताला टेकवलं. "बघा मिस्त्री, हात कापत नाही!" मी खूश. त्याने नेमकं कुठलं पातं लावलं होतं, हे बघायचं तेवढं राहिलं.

आठवडाभरात ब्राह्मणपुरीतून बोलावणं आलं. घर एका निवृत्त नर्सबाईंचं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मीही सिस्टरच म्हणतो. ओट्याखाली सिंकच्या कपाटात पाणी साचत होतं. प्लंबर सांगून गेला होता, "मागचा प्लाय उघडून द्या, मग हात घालतो." सांगायला काय जातं! कपाट आधी बसवलेलं, त्यावर ग्रॅनाइट, त्यात सिंक. प्लाय काढायचा तर सगळा ओटाच उचकटावा लागणार.

म्हणजे मागच्या १२ मिलिमीटरच्या प्लायला जागेवरच खिडकी पाडायची. जिगसॉचं पातं प्लायच्या पलीकडे चांगलं इंचभर जाऊन वर-खाली होतं आणि पलीकडे सीपीव्हीसीचा, म्हणजे पाण्याचा प्लास्टिकचा पाइप. ग्राइंडरची चकती गोल, कोपऱ्यात थांबत नाही, शिवाय त्या खोक्यात मान घालून ती चालवणं म्हणजे तोंड फोडून घेणं. पटाशीने केलं असतं, पण ठोके बसून पाइपाचा सांधा आणखी हलला असता. मल्टीटूलचं पातं फिरत नाही. डावी-उजवीकडे जेमतेम तीन अंश थरथरतं, पण मिनिटाला पंधरा-वीस हजार वेळा. सरळ आत घुसवायचं, हवं तिथे थांबायचं. पात्यावर टोकापासून १२ मिलिमीटरवर लाल टेप गुंडाळला. टेप प्लायला टेकला की बास.

बॅटरी तोंडात धरून आडवा झालो आणि चालू केलं. दोन मिनिटांत धूर. डिंक जळल्याचा उग्र वास, प्लायवर काळी रेघ, पातं जेमतेम ४ मिलिमीटर आत. मग मी आणखी दाबलं आणि करवतीसारखं पुढे ओढलं. हाताला मुंग्या आल्या. थरथरीने पात्याचा बोल्ट सैल झाला आणि पातंच तिरकं फिरलं. स्वस्त मशीनची ही खोड आता पाठ झालीय. दर दहा मिनिटांनी अ‍ॅलन की लावून बोल्ट आवळावाच लागतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मिस्त्री, हे प्लास्टर कापायचं मशीन तुम्ही कुठून आणलंत?"

सिस्टर दारात उभ्या, हातात चहाचे कप. हाडांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली बाई. आवाजावरून ओळखलं त्यांनी. मी बाहेर आलो आणि पोरासारखा दुकानदाराचा प्रयोग दाखवायला निघालो, "बघा, हाताला काही होत नाही..." सिस्टरांनी माझ्या मनगटावर फटका मारला. खरोखर मारला.

"आमच्या पात्याचे दात बारीक असायचे. कातडी सैल असते, ती पात्याबरोबर हलते, म्हणून कापत नाही. हाडावर ताणलेली असली तर तिथेही जखम व्हायची. आणि तुमचे हे दात बघा, माशाच्या काट्यासारखे!"

मी हात खिशात घातला.

"आणि ओढत होतात ना? वासावरून कळलं मला. ओढलं की पातं तापतं. पोरं रडायची ती आवाजाला, पण भाजायचं ते खरं असायचं. दाबायचं, आत गेलं की हाताला सोडल्यासारखं लागतं, लगेच उचलायचं. थोडं पुढे सरकायचं, परत दाबायचं. मधे मशीन बंद करून पातं निवू द्यायचं."

चहा पिऊन परत आत शिरलो. दाब, सूट, उचल. धूर गेला आणि फटीतून पिवळा भुसा गळायला लागला. भुसा पिवळा आला की समजावं, पातं कापतंय; तपकिरी झाला की घासतंय. खालच्या कडेला एक लपलेला स्क्रू लागला आणि मशीनबरोबर फुकट आलेल्या पात्याचे दात साफ गेले. मग वेगळं विकत घेतलेलं, खिळे-स्क्रूही कापणारं बायमेटल पातं लावलं. ते एकटं साडेतीनशेचं. मशीन स्वस्त मिळतं, खरा खर्च पात्यांचा.

आठ बाय दहा इंचांचा तुकडा निघाला. पाइप प्लायच्या मागे करंगळी जाईल एवढ्याच अंतरावर होता, पण एक ओरखडा नाही. गळत होता तो अँगल कॉकचा, म्हणजे सिंकखालच्या पाणी बंद करायच्या कॉकचा सांधा. दुपारी प्लंबरने तो दहा मिनिटांत केला आणि पैसे माझ्याइतकेच घेतले, ते असो. मी आतून दोन पट्ट्या मारून तोच तुकडा चार स्क्रूंवर झाकण म्हणून बसवला.

रात्री मुलीने मोबाइलवर शोधून दिलं: प्लास्टर कापायचं असं मशीन होमर स्ट्रायकर नावाच्या अमेरिकन हाडांच्या डॉक्टराने १९४० च्या दशकातच काढलं होतं. सुतारांच्या हातात ते जर्मनीच्या फाईन कंपनीमुळे आलं आणि २००८ च्या सुमारास त्यांचं पेटंट संपल्यावर माझ्यासारख्यांना परवडायला लागलं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "जरा द्या बघू." उरलेल्या प्लायच्या पट्टीवर मी पेन्सिलची रेघ मारून दिली. चष्मा कपाळावर सरकवून, मान कलती करून, आवाजाकडे कान लावून त्यांनी कापलं. दाब, सूट, उचल. रेघ सोडून पातं केसभरही गेलं नाही.

"आमचं जड होतं," म्हणाल्या आणि मशीन परत दिलं.