शू रॅकपाशी बसलेला मुलगा

मी टोकियोत एका गाकुदोत काम करते. गाकुदो म्हणजे शाळा सुटल्यावरचं पाळणाघर, आईवडील दोघं कामावर असलेल्या प्राथमिकच्या मुलांसाठी. दुपारी मुलं पाठीवर रान्दोसेरू (त्यांचं ते कडक दप्तर) घेऊन येतात आणि दारातूनच "तादाइमा" म्हणजे आलो गं असं ओरडतात, आम्ही आतून "ओकाएरी" म्हणतो. शाळेत आल्यावर असं कोणी म्हणत नाही, हे फक्त घरी म्हणायचं, त्यामुळे मला हा शब्द फार आवडतो.

एप्रिलमधली गोष्ट आहे. इथे पहिलीची मुलं १ एप्रिलपासूनच गाकुदोत येतात, शाळेचा पहिला दिवस त्यानंतर आठवड्याने. ३१ मार्चपर्यंत नर्सरीत असलेली पोरं, शाळा अजून पाहिलेली नाही, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्याकडे, डबा घेऊन. एक रडायला लागलं की चार रडतात. त्यामुळे एप्रिलमध्ये आमची सगळ्यांची दमछाक असते, त्यात त्या दिवशी एक बाई आजारी, म्हणजे ४२ मुलांना आमच्या मुख्य बाई आणि मी, दोघीच. बाहेर पाऊस.

तीनच्या सुमारास खाऊच्या बशा मांडत होते तर दारातून "तादाइमा". माझ्या तोंडून आपोआप "ओकाएरी" गेलं आणि मग पाहिलं, तो होता. तीन वर्षं आमच्याकडे काढलेला आपला मराठी मुलगा. आता चौथीत गेला आणि त्याची जागा गेली. अर्जाला मार्क असतात, आईवडिलांचे कामाचे तास, मुलाची इयत्ता असं सगळं, आणि लहान वर्गांना आधी घेतात. कायद्याने २०१५ पासून सहावीपर्यंतची मुलं बसतात, पण जागा कमी पडली की चौथीवाले आधी बाहेर.

तो चिंब भिजलेला. बूट काढून सवयीने आपल्या कप्प्यात ठेवायला गेला, तिथे आता दुसऱ्याच मुलीचं नाव. बूट हातात धरून तसाच उभा राहिला. तीन वर्षं मला सगळ्यांसारखं "सेन्सेई" म्हणजे बाई म्हणणारा मुलगा, तो एकदम हळू मराठीत म्हणाला, "काकू, चावी घरात राहिली."

मुख्य बाई आल्या. वीस वर्षं हे काम करतायत, मुलांवर जीव आहे त्यांचा, तरी म्हणाल्या की आत घेता येणार नाही, नाव नाही, विमा नाही, ॲलर्जीचा फॉर्म यंदाचा नाही, आई येईपर्यंत दारात थांबू दे. नियमाने बरोबरच होतं. मी टॉवेल दिला, फोन लावत राहिले, आई मीटिंगमध्ये. दहा मिनिटं त्याच्याशेजारी शू रॅकपाशी बसले तर बाईंनी आत बोलावलं, कारण मी बाहेर म्हणजे आत एकच मोठं माणूस, आणि ते चालत नाही. आत सगळ्यांनी खाण्याआधी म्हणतात ते "इतादाकिमास" म्हटलं. गेल्या वर्षी बशा वाटायचं काम त्याचं होतं, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत तेही त्याला पाठ. दारातून सगळं ऐकत बसला होता.

आई पाच वाजून गेल्यावर सायकलवर आली, तीही भिजलेली. "सॉरी ताई, सॉरी" एवढंच परत परत म्हणत होती, जसं काही तिने काही गुन्हा केला होता. मला ते अजून सहन होत नाही.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. सरकारच्या २०१८ च्या प्लॅनमध्ये गाकुदोच्या २०२३ पर्यंत ३ लाख जागा वाढवून १५ लाख २० हजार करायचं ठरलं होतं. मे २०२४ ला साधारण तेवढीच मुलं नोंदलेली होती, आणि तरी वेटिंगवर १७,६८६. जागा वाढली की अर्ज वाढतात, कारण दोघांनी कमावल्याशिवाय इथे भागत नाही. पण जागा मोजतात कशी? मुलामागे १.६५ चौरस मीटर, साधारण एक तातामी चटई, आणि एका गटात ४० च्या आसपास मुलं. वर शाळेचा एक वर्ग रिकामा आहे, कुलूप लावलेला, पंखे-कपाटं सगळं आहे. तिथे दुसरा गट सुरू करायचा तर दोन माणसं हवीत, त्यातलं एक तरी पात्रतेचं. तासावर पगार, तोही दुपारच्या पाच-सहा तासांचा, वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, कोण येणार? खोली महिन्याभरात तयार होते हो, मुलांना ओळखणारं माणूस नाही होत. चटया मोजणाऱ्यांनी एकदा आमच्या पगाराकडे पाहावं.

मी बी.कॉम., त्यामुळे ते पात्रतेचं माणूस व्हायला मला आधी दोन वर्षांचा अनुभव दाखवायचा आणि मग २४ तासांचं ट्रेनिंग करायचं. त्या रात्री त्याच्या आईचा मेसेज आला, पुढच्या वर्षी परत अर्ज करू का ताई? पुढच्या वर्षी तो पाचवीत, मार्क आणखी कमी. मी लिहिलं, करा.

जूनमध्ये माझी दोन वर्षं भरतात. ट्रेनिंगचा फॉर्म आणून ठेवलाय.