दुसरी ओळ

शुक्रवार, रात्री उशिरा

काल ज्या चर्चेचे चित्रण झाले ती आज रात्री दाखवली गेली, आणि ती पाहिल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. खरे तर चर्चा बरी झाली होती. निवेदिकेने पुस्तक मुळापासून वाचलेले होते, हीच दुर्मीळ गोष्ट. तिसऱ्या प्रकरणाविषयी तिने विचारलेल्या प्रश्नाने तर मी क्षणभर निरुत्तर झाले होते. पण कार्यक्रम सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नसतील, तोच पडद्यावर माझ्या छातीशी ॲस्टन, म्हणजे नाव आणि ओळख सांगणारी पट्टी, उमटला. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत माझे नाव होते आणि खालच्या ओळीत, जराशा बारीक अक्षरांत, मी कोणाची कन्या ते. साहेबांचे पूर्ण नाव होते, हुद्दा होता, हुद्द्याच्या आधी 'माजी' होते. ज्या पुस्तकासाठी मला बोलावले होते त्याचा उल्लेख नव्हता, आणि 'लेखिका' हा तीन अक्षरांचा शब्दही कोठे नव्हता.

प्रत्येक ब्रेकनंतर तीच पट्टी पुन्हा येत होती. मी मोजले. सात वेळा आली.

चौदा वर्षे झाली मला या व्यवसायात. पहिली दोन वर्षे रात्रपाळीच्या डेस्कवर प्रॉम्प्टरसाठी, म्हणजे निवेदक ज्यावरून वाचतो त्या पडद्यासाठी, बातम्या लिहिण्यात गेली. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे, आकडा अक्षरांत लिहिला पाहिजे, परदेशी नावाची फोड केली पाहिजे, म्हणजे वाचणारा अडखळत नाही. हे मी तेथे पहाटेच्या बुलेटिनसाठी, कोणाची मुलगी म्हणून नव्हे तर चुका करून आणि बोलणी खाऊन शिकले. पुढे स्टुडिओत आले, मग सदर लिहू लागले, आणि या पुस्तकाला पाच वर्षे दिली. एवढे सगळे करून खालची ओळ जागची हलली नाही, असे आज तासभर मनात घोळवत बसले होते आणि स्वतःची चांगलीच कीव करून घेत होते. आई असती तर म्हणाली असती की... जाऊ दे.

आता जे खरे आहे ते लिहिते, कारण ही वही दुसऱ्या कोणासाठी नाही.

बुधवारी दुपारी त्या वाहिनीच्या गेस्ट को-ऑर्डिनेटरचा फोन आला होता. तरुण मुलगा, अदबीने बोलणारा. त्याने स्पष्ट विचारले होते, "मॅडम, ॲस्टनमध्ये आपली ओळख काय लिहू?" मी 'लेखिका आणि पत्रकार' असे म्हणू शकले असते. ते म्हणायला दोन सेकंद लागले असते आणि त्याने ते तसेच लिहून घेतले असते. मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा." त्याला काय योग्य वाटेल हे मला पुरते ठाऊक होते. अनोळखी लेखिकेसाठी रिमोटवरचा अंगठा थांबत नाही, ओळखीच्या आडनावासाठी थांबतो, आणि पाहणाऱ्याने चार सेकंदांत वाहिनी बदलू नये हीच त्या पट्टीची नोकरी असते. हे गणित मी स्वतः कितीतरी नवख्यांना समजावले आहे.

मला ती ओळ हवी होती, पण ती मी मागितली असे व्हायला नको होते. बुधवार दुपारपासून मला टोचते आहे ते हे आहे, वाहिनीने काय लिहिले ते नव्हे. म्हणजे पट्टी लागली की मी दुखावले जाणार, आणि नसती लागली तर? तर कार्यक्रम कोणी पाहिला नाही याची रुखरुख मला लागली असती आणि तिला नाव देण्याचे धैर्यही माझ्यात नसते. या व्यवस्थेत माझी फार सोय आहे. पुस्तक पडले तर दोष त्या दुसऱ्या ओळीचा, लोकांनी मला गंभीरपणे घेतलेच नाही. पुस्तक चालले तर ओळ असूनही चालले, म्हणजे श्रेय दुप्पट. असा पक्का विमा कोणत्या लेखकाला मिळतो?

शिवाय तक्रार करण्याचा मला अधिकार किती, हाही प्रश्न आहे. मी डेस्कवर असताना शेकडो पट्ट्या लिहिल्या. 'शहीद जवानाची आई.' 'मृत कामगाराची पत्नी.' 'आरोपीचा भाऊ.' त्या आईला स्वतःचे नाव होते, ते वरच्या ओळीत असे. पण वरची ओळ कोण लक्षात ठेवतो? त्यांच्यापैकी एकीनेही फोन करून खालच्या ओळीबद्दल विचारले नाही, आणि विचारावे असे मलाही कधी वाटले नाही. मला निदान विचारले तरी गेले होते.

दादाच्या नावाखाली हीच ओळ लागते तेव्हा तिला वारसा म्हणतात आणि तो ती फुलांच्या हारासारखी मिरवतो. तो विषय आज नको.

मार्गारेट ट्रुमनची आठवण मला अशा वेळी हटकून येते. वडील अमेरिकेचे अध्यक्ष असताना ती शास्त्रीय गायिका होऊ पाहत होती. डिसेंबर 1950 मध्ये वॉशिंग्टनला तिची मैफल झाली आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पॉल ह्यूम या समीक्षकाने गाणे फारसे चांगले नसल्याचे लिहिले. त्यावर हॅरी ट्रुमन यांनी स्वतः पत्र लिहून, आपली कधी भेट झालीच तर तुम्हाला नवे नाक लागेल, अशा अर्थाची धमकी त्याला दिली. कोरियात युद्ध पेटलेले होते आणि देशाचा अध्यक्ष मुलीच्या गाण्यावरून समीक्षकाशी भांडत होता. ते पत्र जगापुढे आले. हा किस्सा सांगताना सगळे बापाच्या रागावर हसतात. मला मात्र प्रत्येक वेळी ती मुलगी दिसते, जिचे गाणे खरोखर कसे होते हा प्रश्न त्या दिवसापासून कायमचा मागे पडला. कौतुक झाले असते तर ते अध्यक्षांच्या धाकाने, टीका झाली तर त्यावर अध्यक्षांचे पत्र. मधे तिचा आवाज कोठेच नाही.

पण ती पुढे थांबली नाही, आणि खरी गंमत तेथे आहे. 1955 मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या प्रसिद्ध मुलाखतींच्या कार्यक्रमात मुलाखतकार एडवर्ड मरो यांच्या जागी एकदा ती बसली, आणि तिने मुलाखत घेतली ती स्वतःच्या आईवडिलांची. 1980 मध्ये तिची पहिली रहस्यकथा आली. खून कोठे, तर व्हाइट हाउसमध्ये. त्यानंतर तिच्या नावावर वॉशिंग्टनमधल्या खुनांची मालिकाच निघाली. खालची ओळ तिला पुसता आली नाही, तेव्हा तिने त्याच ओळीवर दुकान थाटले. पूर्वी मला हा पराभव वाटत असे. आज इतके ठामपणे म्हणवत नाही.

तिच्या कितीतरी नंतर मेगन मॅकेनने 2007 मध्ये वडिलांच्या, म्हणजे अमेरिकी सिनेटर जॉन मॅकेन यांच्या, अध्यक्षपदाच्या प्रचारात ब्लॉग लिहायला सुरुवात केली, नंतर पुस्तके लिहिली आणि 2017 ते 2021 दूरचित्रवाणीवरच्या चर्चेच्या कार्यक्रमात सहनिवेदिका म्हणून बसली. बोलताना ती सारखी वडिलांचा उल्लेख करते म्हणून तिची टर उडवली जाई, आणि मीही हसणाऱ्यांतली होते. मग कालच्या चर्चेत मी स्वतः किती वेळा 'आमच्या घरी' म्हणाले ते आज पाहिले. मोजायचे होते, मोजले नाही. पट्टी मोजणे सोपे असते.

येथपर्यंत लिहिले आणि साहेबांचा फोन आला. इतक्या रात्री ते फोन करत नाहीत. मी आधीच मनात उत्तरांची जुळवाजुळव केली. पुस्तकातले त्यांच्यावरचे प्रकरण त्यांनी वाचले की नाही, हे मी महिनाभर विचारलेले नाही आणि त्यांनीही सांगितलेले नाही.

"पाहिला कार्यक्रम," ते म्हणाले.

"मग?"

"माझ्या नावात पहिली वेलांटी टाकली आहे त्यांनी. दुसरी पाहिजे. सात वेळा तीच चूक."

म्हणजे तेही मोजत बसले होते. मला इतके हसू आले की त्यांना वाटले मी रडते आहे, आणि त्यांनी घाईघाईने "बोललीस चांगली" असे म्हणून फोन ठेवला. चर्चेतले त्यांना काय चांगले वाटले ते विचारायचे राहून गेले. मी त्यांना साहेब का म्हणते, बाबा का नाही, असे निवेदिकेने काल विचारले होते. त्याचे उत्तरही मी काहीतरी गमतीचे देऊन टाळले होते.

रविवारी सकाळी कार्यक्रम पुन्हा दाखवणार आहेत. मी त्या मुलाला निरोप पाठवला की पट्टीच्या दुसऱ्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे, वेलांटी दीर्घ करावी. तोही बिचारा अजून पाळीवर असावा, कारण उत्तर लगेच आले: "सॉरी मॅडम, उद्याच दुरुस्त करून घेतो. ॲस्टनमध्ये आणखी काही बदल करायचा आहे का?"

मी फोन हातात धरून बराच वेळ बसले. 'लेखिका' असे लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. मग पुसले आणि पाठवले: "नको. तेवढी वेलांटी बघा."